टीटीच्या टाकीतला थर

मी एक जुना थर आहे. भुरकट, बुळबुळीत, बोट लावलं की निसटणारा. मित्रांनो, माझं नाव तुम्ही कदाचित ऐकलं नसेल, पण मला हात मात्र नक्की लावला असेल. मोरीतल्या दगडावर, फुलदाणीतल्या देठांवर, सकाळी न घासलेल्या तुमच्या दातांवरसुद्धा माझेच भाऊबंद असतात. लोक आम्हाला सरसकट शेवाळ म्हणतात. ते बरोबर नाही. शेवाळ हिरवं असतं आणि उजेडावर जगतं. मी जीवाणूंचा थर आहे. पुस्तकात मला जैवपटल म्हणतात, आणि माशांच्या दुकानात बायोफिल्म.

मी स्वतःला 'मी' म्हणतो खरा, पण मी एकटा नाही. मी म्हणजे असंख्य जीवाणूंची एक वस्ती. ते आपल्या अंगातून चिकट रस सोडतात, त्या रसाचंच घर बांधतात आणि त्यातच राहतात. मला डोळे नाहीत. पाण्याची चव बदलली की मला कळतं. काचेला धक्का बसला, कोणी मोठ्याने बोललं, तर त्याचा थरथराट माझ्यापर्यंत पोहोचतो. बाकीचं सगळं साक्षीने टाकीपाशी बसून माशाला सांगितलं, ते मी ऐकलं. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगू शकतो.

साक्षी आठवीत आहे. रायपुरात रेल्वे लाइनीला लागून जो पारा, म्हणजे मोहल्ला, आहे, तिथे तिचं घर. शाळेत हिंदी आणि घरात मराठी, म्हणून ती दोन्ही मिसळून बोलते. तिचे आबा भैय्यालाल रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत काचेची टाकी मांडली आणि तिच्यात एक गोल्डफिश सोडला. कोणीही खोलीत आलं की हा मासा लगेच काचेपाशी येऊन त्याच्याकडे बघत राहायचा, आणि एकेकाला तपासून पुढे सरकायचा. आबा म्हणाले, "हा तं तिकीट पाहून राहिला!" तेव्हापासून त्याचं नाव टीटी, म्हणजे रेल्वेतला तिकीट तपासणारा.

माझा जन्म त्याच टाकीतला. हवेच्या पंपाला जोडलेला एक काळा स्पंज पाण्यात होता. टीटीसोबत दुकानाच्या पाण्यातून काही जीवाणू आले होते. ते त्या स्पंजच्या छिद्रांना चिकटले. हळूहळू वाढले. काही महिन्यांत स्पंजचा काळा रंग माझ्या भुऱ्या रंगाखाली झाकून गेला, आणि मी कामाला लागलो.

माझं काम ऐका. मासा खातो, मग पाण्यात घाण सोडतो. त्या घाणीतून आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. अमोनिया दिसत नाही, पण तो माशाचे कल्ले जाळतो. माझ्यातली एक टोळी तो अमोनिया घेते आणि त्याचा नायट्राइट करते. नायट्राइटही विषारीच. मग दुसरी टोळी त्याचा नायट्रेट करते. तो मासा बराच सहन करू शकतो, आणि आबा दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचे तेव्हा तो निघूनही जायचा. सुरुवातीला टाकीत एक लहानशी गोगलगाय होती. ती रोज माझ्यावरून फिरायची आणि मला खरवडून खायची. त्याचं मला दुःख नव्हतं. मी पुन्हा वाढायचो.

पण मित्रांनो, मी फक्त गुणी आहे असं समजू नका. मला आवर घालावा लागतो. मी फार माजलो की स्पंजची छिद्रं बुजतात, पाणी आतून फिरत नाही, आणि माझ्या पोटात हवा न पोहोचल्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मलाही प्राणवायू लागतो, आणि तो मी माशाच्याच वाट्यातून घेतो. माझ्या चिकट घरात कधी कधी रोगाचे जंतू लपून बसतात, मग पाण्यात टाकलेलं औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. समोरच्या काचेवर मी चढलो तर आतलं सगळं धुरकट दिसतं. एकदा आबा तापाने पडले होते. बरेच दिवस कोणी मला हात लावला नाही. मी इतका जाडावलो की पंपाचे बुडबुडे अडखळू लागले आणि टीटी वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. आबा अंगात ताप असतानाच उठले. बाहीसकट हात टाकीत घातला, स्पंज काढला, टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात मला दोन-चारदा हलकेच पिळलं, आणि परत ठेवलं. नळाखाली नाही. टाकीच्या पाण्यात. असं का करायचं हे त्यांना दुकानदाराने सांगितलं होतं की अनुभवाने कळलं होतं, मला माहीत नाही. पण त्यांच्या बोटांना माझी जाडी बरोबर कळायची.

बोटांनाच कळायची, कारण डोळ्यांना कळणं बंद झालं होतं. आबांना मोतीबिंदू झाला. आधी टीटीचे खवले दिसेनात, मग शेपूट दिसेना. शेवटी पाण्यात एक नारिंगी डाग तेवढा हलायचा. त्यांना इतर आजार असल्यामुळे ऑपरेशन लांबत गेलं. अखेर या उन्हाळ्यात साक्षीची आई शर्मिष्ठा त्यांना घेऊन नागपूरला गेली. एक डोळा झाला की थोडे दिवस थांबून दुसरा, असं ठरलं होतं.

जाण्याआधी आबा टाकीपाशी आले. त्यांनी काचेवर नाक टेकलं.

"साक्षी, मी येतो तवा याचे खवले मोजतो पाय. तोवर याले सांभायजो बाई."

"हव आबा," साक्षी म्हणाली. "प्रॉमिस."

त्या एका शब्दापासून ही गोष्ट सुरू होते.

साक्षीचे पप्पा राकेश रायपूरजवळच्या सिलतऱ्याला एका पोलाद कारखान्यात काम करतात. तिथे मोठमोठे कूलिंग टॉवर आहेत. गरम पाणी उंचावरून शिंतोड्यांसारखं खाली सोडतात, ते थंड होतं आणि परत यंत्रांकडे जातं. ते पाणी सांभाळणं हे राकेशचं काम. आणि मित्रांनो, त्या पाण्यात त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, ठाऊक आहे? मी! म्हणजे माझे चुलत भाऊ. ते नळ्यांच्या आत चढतात, नळ्या तुंबवतात, पाणी थंड होऊ देत नाहीत, लोखंड खातात. राकेश त्यांना 'स्लाइम' म्हणतात आणि क्लोरीन टाकून मारतात. त्यात त्यांची काही चूक नाही. त्या नळ्यांमध्ये माझी जात खरोखरच घातक आहे.

नागपूरहून फोन आला की पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली, आबांना भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता आली. घरात आनंदीआनंद झाला. आजी कांताबाई रडल्या आणि लगेच कामाला लागल्या. बुद्ध पौर्णिमाही जवळ आली होती. आबा पौर्णिमेच्या आसपास परतणार होते. आजींनी पडदे धुतले, भांडी काढली, फरशीवर रोज बसणारी कारखान्यांची काळी धूळ दिवसातून तीनदा पुसली.

सुटीच्या दिवशी राकेश टाकीसमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हे काय होय? बाबा नवे डोये घेऊन येऊन राहिले, अन त्यायले हे दाखवाचं? पूरा स्लाइम जमला हाय."

"पप्पा, आबा ऐसे ही रखते थे," साक्षी म्हणाली.

"अवं, त्यायले दिसत कुठं होतं? आता दिसन. टाकी कशी पाहिजे, कारखान्यातल्या साइट ग्लासच्या काचेसारखी. आरपार!"

राकेशनी ते काम प्रेमानेच केलं, हे मी आजही सांगेन. टीटीला आधी बादलीत काढून ठेवलं. दगड, काच, नळी सगळं ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने घासलं आणि पुन्हा पुन्हा धुतलं. क्लोरीनने मासा मरतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून टाकीत भरायचं पाणी आदल्या दिवशीच उघड्या टपात भरून ठेवलं होतं. एक कणही क्लोरीन त्यांनी मागे राहू दिला नाही. फक्त मला मागे राहू दिलं नाही.

स्पंज त्यांनी नळाखाली धरला आणि पिळला. पुन्हा पिळला. माझी पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती भुऱ्या पाण्यातून मोरीत वाहून गेली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेल्यांना भाजत होतं. तरी स्पंज भुराच राहिला. वैतागून त्यांनी नवाकोरा, पिवळाधमक स्पंज आणला, पंपाला लावला आणि मला केराच्या डब्यात टाकलं.

टीटी परत टाकीत गेला. साक्षीने टाळ्या वाजवल्या. ती नंतर म्हणाली होती, पाणी आहे की नाही तेच कळत नव्हतं इतकं ते स्वच्छ होतं.

माझं आयुष्य तिथेच संपायचं. पण घरातला कूलर माझ्या मदतीला आला. पुढच्या खोलीच्या खिडकीत लोखंडी कूलर आहे, त्याचा एक कोपरा गंजला आहे. तिथून दिवसभर थेंब थेंब पाणी फरशीवर पडायचं. कांताबाई केर टाकायला आल्या, त्यांनी डब्यातला स्पंज उचलला आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "चांगला मऊ हाय, कायले फेकते हा पोट्टा!" आणि त्यांनी मला कूलरच्या गळक्या कोपऱ्याखाली सरकवलं.

मी अर्धमेला होतो. पण थेंब पडत राहिला. कूलरच्या टपातलं पाणी पंख्याच्या वाऱ्यात फिरून माझ्यावर यायचं, त्यामुळे हवा भरपूर होती. खायला जवळजवळ काही नव्हतं. माझ्यातल्या टोळ्यांनी काम थांबवलं आणि वाट पाहणं सुरू केलं. आम्हाला उपाशी राहता येतं. कोरडं राहता येत नाही. स्पंजच्या ज्या कडेला थेंब पोहोचत नव्हता, ती कड रायपूरच्या मे महिन्यात एका दिवसात कडक झाली. तिथले सगळे गेले.

टाकीपासून मी जेमतेम एका हाताच्या अंतरावर होतो. तिकडे काय चाललं आहे ते काचेच्या थरथराटातून कळत होतं. पहिले एक-दोन दिवस टीटी नेहमीसारखा फिरला. मग त्याचं फिरणं मंदावलं. मग तो वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड लावून राहू लागला.

"पप्पा, टीटीचं तोंड बघा ना. हवा के लिए आ रहा है."

राकेशनी दुसरा हवेचा पंप आणून लावला. बुडबुडे दुप्पट झाले. टीटी तरी वरच. त्याच्या कल्ल्यांच्या कडा लालभडक झाल्या होत्या. साक्षी सांगत होती, पप्पा ऐकत होते, आणि मी जमिनीवर पडल्या पडल्या समजून चुकलो होतो. पाण्यात हवेची कमतरता नव्हती. पाण्यात अमोनिया वाढत होता आणि तो खाणारं कोणी उरलं नव्हतं. बाहेरच्या उष्म्याने पाणी कोमट झालं होतं, आणि गरम पाण्यात अमोनिया आणखी जहाल होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण थराला तोंड नसतं.

त्याच संध्याकाळी नागपूरहून आबांचा फोन आला. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं होतं.

"साक्षी, टीटी कसा हाय?"

साक्षीने टाकीकडे पाठ फिरवली. "अच्छा है, आबा."

"खोटं बोलून राहिली काय वं? आवाज काहून असा?"

"नहीं आबा. सर्दी हुई है मुझे."

फोन ठेवल्यावर ती टाकीला डोकं टेकून रडली. तिचे हुंदके काचेतून, टेबलाच्या पायातून, फरशीतून माझ्यापर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीटी तळाला बसला होता. शेपटी मिटलेली, कल्ले भराभर हलणारे. राकेश कामावर निघाले होते. ते दारातून परत फिरले, एक छोटी बाटली टाकीच्या पाण्याने भरली आणि डब्याच्या पिशवीत ठेवली.

"लॅबमध्ये दाखवून पायतो. काय हाय ते तं समजन." मग कूलरकडे बोट केलं. "मगात ब्लिचिंग कालवून ठेवलं हाय. ऊन चढायच्या आत कूलरच्या पाण्यात टाकजो. डासं झाले हायत."

मित्रांनो, हे ऐकून माझी काय अवस्था झाली असेल! कूलरचं पाणी थेंब थेंब माझ्यावरच पडत होतं. तो मग त्यात रिकामा झाला की थोड्याच वेळात क्लोरीनचा पहिला थेंब माझ्यावर येणार होता. मी हलू शकत नव्हतो.

आजी विहारात झाडलोट करायला गेल्या होत्या. घरात साक्षी एकटी. तिने मग उचलला, कूलरची जाळी बाजूला केली. तेवढ्यात फोन वाजला. तिने मग कूलरच्या डोक्यावर ठेवला आणि फोन स्पीकरवर लावला.

"साक्षी, टीटी जिता हाय नं?" राकेश घाईत होते.

"कल्ले चल रहे हैं. लेकिन हिल नहीं रहा, पप्पा."

"थांब, दीक्षा बोलते."

दीक्षा ही त्यांच्या कारखान्याच्या लॅबमधली मुलगी, नुकतीच पदवी घेऊन नोकरीला लागलेली. तिचा आवाज भरभर यायला लागला. "हॅलो साक्षी. ऐक. तुमच्या पाण्यात खूप अमोनिया आहे. तपासणीची नळी फिकट पिवळी व्हायची तर विटकरी झाली."

"पर पानी तो एकदम साफ है, दीदी!"

"हो ना. दिसायला साफ. टाकीत जो बुळबुळीत थर होता नं, तोच अमोनिया संपवायचा. तो आपण धुऊन टाकला." मग ती बाजूला वळून म्हणाली, "राकेशभैया, तुम्ही घरी जाऊन पण ड्यूटीच करून राहिले!"

दीक्षा पुन्हा फोनवर आली. "जुना स्पंज कुठे आहे, साक्षी? तो मिळाला तर मासा वाचेल."

"पप्पांनी डब्यात टाकला होता."

"अन डबा?"

"कचरा गाडी ले गई, दीदी. कधीचीच."

मी इथे आहे, मी इथे आहे, असं माझं कणन्‌कण म्हणत होतं. तिच्या पायाच्या अंगठ्यापासून मी वीतभर दूर होतो.

"बरं," दीक्षा शेवटी म्हणाली. "रडू नको. शिळं पाणी भरून ठेवलं आहे का? निम्मी टाकी रिकामी कर आणि ते हळूहळू ओत. आज खायला काही देऊ नको. त्याने थोडा वेळ मिळेल. पण थोडाच."

साक्षीने तसं केलं. मगाने पाणी काढलं, मगाने ओतलं. दुसरा मग होता तो, नशीब! काम झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मग तिला पप्पांनी सांगितलेलं आठवलं. ती उठली. कूलरच्या डोक्यावरचा मग तिने हातात घेतला आणि तिरपा केला. ब्लिचिंगचा उग्र वास खाली उतरला.

दाराची कडी वाजली.

"अवं साक्षी, उन्हानं मेली मी!" कांताबाई आत येऊन पदराने वारा घेऊ लागल्या. "अन कूलरपाशी काय करून राहिली? पाणी टाकतच हायस तं पहले तो खालचा स्पंज पिळून घे. भरला असन. फरशी वली होते मंग."

"कोणता स्पंज, आजी?"

"तोच नं, टीटीचा. तुह्या बापानं फेकला होता, मी उचलला. चांगला तं होता."

मग खाली पडला. ब्लिचिंगचं पाणी फरशीवर पसरलं, पण दाराच्या बाजूला. साक्षी गुडघ्यांवर बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी उचललं.

"आजी! आजी, तुम... तू..." तिने मला आजीपुढे धरलं.

"काय झालं? मी काय केलं?" कांताबाई घाबरल्या.

"काही नहीं किया! सब किया!"

तिने दीक्षाला फोन लावून विचारून घेतलं. मग टाकीच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात मला एकदाच बुडवून हलवलं, म्हणजे फरशीची काळी धूळ निघून जाईल, आणि दुसऱ्या पंपाच्या नळीला जोडून मला पाण्यात सोडलं.

अमोनियाची पहिली चव माझ्या उपाशी टोळ्यांना लागली. आम्ही खायला सुरुवात केली. पण खरं सांगतो, मी पूर्वीचा राहिलो नव्हतो. निम्माही उरलो नव्हतो. आम्ही फार सावकाश वाढतो, दही लावल्यासारखं एका रात्रीत होत नाही. टीटी तळाला बसलेलाच होता. राकेश घरी आले, टाकीसमोर स्टूल ओढून बसले, आणि त्या भुऱ्या गोळ्याकडे बघत राहिले. ज्याला ते आयुष्यभर मारत आले, त्याच्याकडेच आता आशेने बघायची वेळ आली होती.

त्यानंतर रोज ते एक बाटली भरून नेत, आणि साक्षी रोज थोडं पाणी बदलत असे. नळीचा विटकरी रंग फिकट होत गेला. मध्येच नायट्राइट वाढला, कारण माझी दुसरी टोळी पहिलीपेक्षा मागे राहिली होती. दीक्षाने पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं, म्हणजे नायट्राइट माशाच्या अंगात कमी शिरतो. टीटी कधी दोन वीत पोहायचा, कधी पुन्हा बसायचा.

आबा येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी अंधड, म्हणजे धुळीचं वादळ, आलं. दारं आपटली, पाऱ्यातल्या एका झाडाची फांदी तारेवर पडली आणि वीज गेली. दोन्ही पंप बंद. बुडबुडे थांबले.

आणि मित्रांनो, आता मी वैरी झालो. बुडबुडे नाहीत म्हणजे नवी हवा नाही. पाण्यात जेवढा प्राणवायू शिल्लक होता, त्यात टीटीही श्वास घेत होता आणि मीही. मी थांबू शकत नाही, तो माझा स्वभाव नाही. जितका मी खात होतो, तितकं टीटीचं तोंड वर येत होतं.

"स्पंज भाहेर काढ," राकेश अचानक म्हणाले.

"पप्पा, नहीं! अभी तो..."

"अवं फेकत नाई मी! हा पण श्वास घेते. आता हा अन टीटी एकाच हवेवर हायत." त्यांनी परात मागवली, तिच्यात टाकीचं पाणी घातलं, बोटभरच, आणि मला त्यात आडवं ठेवलं. पसरट, उथळ पाण्यात हवा आपसूक उतरते. आजी परात हलक्या हाताने झुलवत राहिल्या.

"पाळणा झाला हा," त्या म्हणाल्या. "या वयात."

राकेश टाकीपाशी उभे राहिले. मग भरायचा, हात उंच करायचा, बारीक धारेने पाणी परत सोडायचं. "टॉवरमध्ये आमी हेच करतो, साक्षी. उंचावरून, बारीक बारीक. पाणी हवा पिऊन खाली येते." त्यांचा हात दुखला की साक्षी मग घ्यायची. तिचा दुखला की ते. बाहेर वाऱ्याचा जोर ओसरला, शेजारच्या घरात कोणी तरी मोबाइलवर लाइनमनला शिव्या देत होतं, आणि इकडे ती धार चालूच राहिली. दिवे आले तेव्हा पंपाचा घुर्र आवाज ऐकून आजींनी परातीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आबा आले. डोळ्यांवर काळा चष्मा होता. शर्मिष्ठा मागून बॅग घेऊन येत होती, पण आबा कोणासाठी थांबले नाहीत. ते सरळ टाकीपाशी गेले आणि चष्मा काढला.

टीटी तळाजवळ होता. तो हळूच वर आला. काचेपाशी येऊन थांबला.

"तिकीट पाहून राहिला," आबा म्हणाले. "खवले दिसून राहिले वं. एकेक दिसून राहिला." ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "साक्षी, याच्या कल्ल्यापाशी हा काया डाग पहले होता काय? मले दिसत नव्हतं म्हणून इचारतो."

अमोनियाने भाजलेली जागा भरून आली की गोल्डफिशच्या अंगावर असा काळा डाग पडतो. नव्या डोळ्यांना सगळ्यात आधी तोच दिसला होता.

"नव्हता बाबा," राकेश म्हणाले. "माह्या हातानं झाला. तुमाले टाकी आरपार दिसावी म्हणून मी सारं धुतलं. स्पंज पण."

आबांनी शर्टाची बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि मला चाचपलं. डोळे मिटून. त्यांची बोटं तीच होती.

"बारीक झाला गड्या," ते मला म्हणाले. मग राकेशकडे वळले. "इकडे ये. दे हात." त्यांनी राकेशचा हात धरून पाण्यात नेला आणि मला त्यांच्या मुठीत दिलं. "दाबून पाय. हलकं. आतून पाणी निंगते नं? मंग चांगला हाय. नाई निंगलं तं टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळाचा. पाणी भुरकं निंगलं की सोडून द्याचा. पांढरं होयेपर्यंत नाई पिळाचा."

"हव बाबा," राकेश म्हणाले. ज्या हाताने मला नळाखाली पिळलं होतं, तोच हात आता मला घाबरत घाबरत धरून होता.

मित्रांनो, तेव्हापासून मी पुन्हा माझ्या कामावर आहे. दर रविवारी राकेश एक फडकं घेऊन फक्त समोरची काच पुसतात, कारण तिथून आबा बघतात. तिथे मला चढू देऊ नये, हे मलाही मान्य आहे. मागची काच, दगड आणि स्पंज त्यांनी माझ्यासाठी सोडले आहेत. तुमच्याही घरी टाकी असेल तर तेवढंच करा. मला माजू देऊ नका, माझ्या पोटात हवा खेळती ठेवा, आणि सगळं एकाच दिवशी स्वच्छ करू नका. पाणी नितळ आहे म्हणून ते निरोगी आहे असं समजू नका. कधी शंका आली तर डोळे मिटा, हात पाण्यात घाला आणि मला हलकेच दाबून पाहा.

टीटीचा काळा डाग आता फिका होत चालला आहे, असं साक्षी म्हणते. आबा रोज सकाळी तो बघतात. राकेशही बघतात.